रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

डोंगरात पक्षी पाहायला निघालेल्या विद्यार्थ्यांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो : पक्ष्याचे नाव ओळखता आले नाही तरी चालेल, पण जागा आणि तारीख वहीत लिहा. अंबाजोगाईच्या आसपास बालाघाटच्या डोंगरात साधा पिंगळा दिसला तरी लिहा. हा आग्रह कशासाठी, हे पिंगळ्याच्याच एका भाऊबंदाच्या इतिहासावरून कळते.

हा भाऊबंद म्हणजे रानपिंगळा. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र त्याचा पत्ताच लागेना. सलीम अलींसारख्या जाणकारांनाही तो सापडला नाही.

अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. १९९० नंतरच्या दशकात पामेला रासमुसेन यांनी हा नमुना बारकाईने तपासला. पक्ष्याचे कातडे भरण्याची डेव्हिडसन यांची एक खास पद्धत होती. तिच्या खुणा या नमुन्यात शिल्लक होत्या! डेव्हिडसन यांचाच जुना नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला नवी चिठ्ठी लावली होती.

मग मांडवीची नोंद बाजूला ठेवून, खऱ्या चिठ्ठ्यांवरील जुनी ठिकाणे धुंडाळायचे ठरले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी, आणि तोही दिवसाउजेडी! नंतर तो तोरणमाळ, मेळघाट आणि तानसा येथेही आढळला. तरीही जंगलतोडीमुळे तो आज संकटग्रस्त आहे.

खानदेशातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या प्रामाणिक नोंदींनीच हा पक्षी पुन्हा मिळवून दिला. म्हणून सहलीच्या वहीत तारीख, वेळ, जागा, झाड आणि पाहणाऱ्याचे नाव असू द्यावे. ओळख पक्की नसेल तर तसेही लिहावे. ‘बहुधा पिंगळा’ ही नोंदही शास्त्राच्या उपयोगी पडते. मनाने रचलेली नोंद मात्र पुढच्यांना वर्षानुवर्षे चुकीच्या वाटेने हिंडवते.