सभागृह हसलं, गणित मात्र बरोबर होतं

तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजात कधी ना कधी पेपर सादर केला असेल. बोलून झाल्यावर छातीत जी धडधड होते, ती आठवा. आज मी तुम्हाला अशाच एका संध्याकाळची गोष्ट सांगणार आहे.

११ जानेवारी १९३५, शुक्रवार. लंडनमध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक भरली होती. बोलायला उभा होता २४ वर्षांचा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. विषय होता, श्वेत बटू तारे.

मुद्दा थोडक्यात असा. ताऱ्याचं इंधन संपलं की तो स्वतःच्याच वजनाने आकसतो. आत दाटीवाटीने बसलेले इलेक्ट्रॉन त्याला तोलून धरतात. पण वस्तुमान वाढेल तसा या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ जातो आणि त्यांचा दाब अपुरा पडायला लागतो. सूर्याच्या साधारण १.४ पट वस्तुमानापलीकडे श्वेत बटू टिकूच शकत नाही.

लगेच पुढचे वक्ते उठले, आर्थर एडिंग्टन. त्या काळातलं खगोलशास्त्रातलं सगळ्यात वजनदार नाव. केंब्रिजमध्ये ते चंद्रशेखरांच्या खोलीवर यायचे, आकडेमोड कुठवर आली याची चौकशी करायचे. पण विरोध करणार आहोत, याचा एका शब्दानेही सुगावा लागू दिला नव्हता! तारा असा कोसळत जाणं हास्यास्पद आहे, निसर्गात ते रोखणारा नियम असलाच पाहिजे, असं ते म्हणाले. सभागृहात हशा पिकला.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते पुढचं. काही नामवंत भौतिकशास्त्रज्ञांना चंद्रशेखरांचं म्हणणं पटलं होतं, पण ते खासगीत. एडिंग्टनांविरुद्ध उघडपणे बोलायला फारसं कोणी पुढे आलं नाही.

चंद्रशेखरांनी भांडण उकरत बसण्याऐवजी १९३९ साली ताऱ्यांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला, सगळं गणित त्यात मांडलं आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. एडिंग्टनांशी मैत्रीही तोडली नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज त्या आकड्याला जग 'चंद्रशेखर मर्यादा' म्हणतं. पुढे १९९२ मध्ये पुण्याच्या 'आयुका'चं लोकार्पण त्यांच्याच हस्ते झालं.

म्हणून एक सांगतो. मित्राचा पेपर पटला, तर ते बाहेर चहाच्या टपरीवर सांगू नका. सभागृहातच हात वर करा.

भेटू पुढच्या भागात!