वजन कमी होत आहे का? कपड्यांवरून कसे ओळखावे

आहारात बदल करून आणि रोज चालायला लागून दीड-दोन महिने झाले की अनेक रुग्ण तक्रार करतात, "डॉक्टर, काटा हलतच नाही." त्याच वेळी पँट मात्र कमरेत सैल झालेली असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

काटा आणि कपडे वेगळे का सांगतात?

वजनकाटा चरबी, स्नायू, हाडे, पाणी आणि पोटातील अन्न हे सगळे एकत्र मोजतो. खारट जेवण, बद्धकोष्ठता किंवा पाळीच्या आधीचे दिवस यांमुळे एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. आहार कमी केल्यावर सुरुवातीला झपाट्याने उतरणाऱ्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. उलट, नियमित व्यायामाने स्नायू थोडे वाढले तर चरबी घटूनही काटा तिथेच राहतो. समान वजनाच्या स्नायूपेक्षा चरबी जास्त जागा घेते. त्यामुळे वजन तेवढेच असले तरी घेर कमी होतो.

पोटाच्या आत, अवयवांभोवती साठणारी चरबी मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढवते. भारतीयांमध्ये ती तुलनेने कमी वजनातही आढळते. म्हणून कमरेत सैल होणारा कपडा ही चांगली खूण आहे.

कोणता कपडा वापरावा?

• न ताणला जाणारा कपडा निवडा: साधी फॉर्मल पँट, स्ट्रेच नसलेली जीन्स किंवा हुकांचा ब्लाउज. ब्लाउजवरून कमरेचा मात्र अंदाज येत नाही.
• लेगिंग, ट्रॅक पँट, नाडीची सलवार, परकर आणि साडी शरीराप्रमाणे जुळवून घेतात. पोट वाढले किंवा उतरले तरी ते कळत नाही.
• सुती कापड धुतल्यावर आटते आणि वापरून सैलावते. म्हणून तो कपडा रोज वापरू नका, तपासण्यापुरता बाजूला ठेवा.
• दोन आठवड्यांतून एकदा, सकाळी शौचास जाऊन आल्यावर, नाश्त्यापूर्वी घालून पाहा.
• लेबलवरील मापावर विसंबू नका. एका कंपनीचे 'एल' दुसरीचे 'एम' असू शकते.

पुरुषांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पोट सुटल्यावर पँट पोटाच्या खाली बांधली जाते. त्यामुळे "माझी कंबर वर्षानुवर्षे ३४च आहे" असे वाटते, पण पोट पट्ट्याच्या वर वाढत असते.

कपड्यासोबत टेपही हवी

शिंप्याची टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, टेप आडवी गुंडाळा. पोट आत ओढू नका. नेहमीसारखा श्वास सोडल्यावर माप वाचा. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर (सुमारे साडेएकतीस इंच) किंवा त्याहून जास्त घेर धोक्याचा मानतात. गरोदरपणात हे माप लागू होत नाही.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वजन कमी होण्याचा योग्य वेग आहे. मूळ वजनाच्या ५ टक्के घट, म्हणजे ८० किलोच्या व्यक्तीत ४ किलो, झाली तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसू लागतो. लग्नसमारंभासाठी लहान मापाचा कपडा आणून त्यात बसण्यासाठी उपाशी राहू नका. त्याने स्नायूही घटतात.

सैल होणे नेहमी चांगलेच नसते

बाह्या, खांदे आणि मांड्यांत कपडे ढगळ झाले, पण पोट तसेच राहिले, तर स्नायू कमी होत असण्याची शक्यता असते. वयस्कर व्यक्तींमध्ये याकडे विशेष लक्ष द्या. त्यांच्या जेवणात डाळी, उसळी, दूध, दही, चालत असल्यास अंडी वाढवावीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांचे वजन उतरू लागले की त्याच डोसने साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, अचानक भूक किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास लगेच साखर किंवा ग्लुकोज घ्या आणि डॉक्टरांना कळवा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना उभे राहताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. मात्र डोस स्वतःहून बदलू नका.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• प्रयत्न न करता ६ ते १२ महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक वजन घटले, तर. मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, नैराश्य आणि कर्करोग ही त्यामागची काही कारणे असू शकतात.
• सोबत सतत तहान, वारंवार लघवी, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, गिळताना त्रास किंवा शौचातून रक्त असेल तर.
• हातपाय बारीक होत असताना पोट मात्र फुगत असेल तर. हे पोटात पाणी साठल्याचे लक्षण असू शकते.
• काही दिवसांतच चपला आणि कपडे घट्ट होऊन पायांवर सूज आली तर. धापही लागत असेल तर त्याच दिवशी तपासणी करा.

घरातील ज्येष्ठांचे कपडे अचानक सैल दिसू लागले तर "बरे झाले, बारीक झालात" असे म्हणून सोडून देऊ नका. जेवण कमी झाले आहे का, दात दुखतात का, मन उदास आहे का, हे विचारा आणि त्यांना तपासणीसाठी घेऊन जा.