मेनूतली मराठी अर्धवट का असते?

लिनक्सच्या संगणकाची भाषा कधी मराठी करून पाहिली आहे? चार ओळी मराठीत दिसतात आणि पाचवी अचानक इंग्रजीत. वाटतं, काहीतरी बिघडलंय. पण यंत्रणा अगदी ठरल्याप्रमाणेच चाललेली असते.

ती ठरली १९९५च्या सुमारास. मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पासाठी उलरिख ड्रेपर यांनी 'गेटटेक्स्ट' लिहिलं. कल्पना साधी होती. प्रोग्रामरने आपली वाक्यं इंग्रजीतच लिहायची. प्रत्येक भाषेची वेगळी फाइल असेल. तिच्यात वर इंग्रजी वाक्य, खाली अनुवाद. खालची जागा रिकामी राहिली, तर मूळ इंग्रजी दाखवायचं.

या साधेपणामुळे दार उघडलं. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही ही फाइल भरता येते. 'तुमच्या भाषेला बाजार आहे का?' असं कुणी विचारत नाही.

भरायला बसलं की मात्र खरी परीक्षा सुरू होते. समोर सुटी वाक्यं असतात, पडदा दिसत नाही. 'ओपन' म्हणजे 'उघडा' की 'उघडलेलं'? अशा शब्दांना संदर्भाची चिठ्ठी जोडायची सोय गेटटेक्स्टमध्ये २००६ साली आली. लिंगाचा पेच तरीही उरला. 'अमुक हटवलं' या वाक्यातला 'अमुक' प्रोग्राम चालताना भरला जातो. फोटो हटवला, फाइल हटवली, चित्र हटवलं. इंग्रजीला तिन्ही सारखेच. मग अनुवादक 'हटवलेली बाब:' असं लिहून सुटका करून घेतो. मेनूतली मराठी सरकारी पत्रासारखी वाटते, त्याचं एक कारण हे आहे.

दुसरं कारण शब्दांची निवड. 'फाइल'च ठेवायची, की धारिका, संचिका, नस्ती? हा वाद जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. आपण मात्र आजही 'अर्ज' करतो आणि 'तारीख' विचारतो. एका प्रोग्राममध्ये 'धारिका' आणि दुसऱ्यात 'संचिका' दिसली, तर वापरणारा वैतागून इंग्रजीकडे परततो. म्हणूनच २००८ साली रेड हॅटमध्ये 'फ्युएल' हा उपक्रम सुरू झाला. मेनूत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी घ्यायची, त्या भाषेच्या लोकांना एकत्र बसवायचं आणि एकेका शब्दावर एकमत करायचं. मराठीसाठीही अशी यादी झाली.

तरी काम संपत नाही. 'ग्नोम' या डेस्कटॉपच्या प्रकल्पात किमान ८० टक्के वाक्यं अनुवादित असतील, तरच ती भाषा 'समर्थित' मानली जाते. नव्या आवृत्तीत नवी वाक्यं येतात, जुनी बदलतात. इंग्रजीत एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तरी त्याचा अनुवाद संशयित ठरतो आणि माणसाने तपासेपर्यंत वापरला जात नाही. कुणी काहीच केलं नाही, तर आकडा आपोआप घसरत जातो.

पाचवी ओळ इंग्रजीत दिसते, ती अशी. ते वाक्य आपल्यापर्यंत पोहोचलेलं असतं, खालची जागाही राखून ठेवलेली असते. आधीच्या चार ओळी कुणीतरी बहुधा फावल्या वेळात, पैसे न घेता भरल्या आणि तो माणूस पुढे नोकरी-संसारात गुंतला. त्याच्या जागी दुसरं कुणी बसलेलं नाही, एवढंच.