पडद्यावरचा चाहता मैदानावर

मँचेस्टर किंवा बार्सिलोनाच्या संघासाठी रात्र जागवणारा आणि पराभव होताच समाजमाध्यमांवर खेळाडूंचा उद्धार करणारा फुटबॉलप्रेमी आपल्या शहरांत दुर्मीळ नाही. भारतीय संघाच्या वाट्याला मात्र त्याची टिंगलच अधिक येते. १ जून २०१८ रोजी मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चायनीज तैपेईचा ५-० असा फडशा पाडला. कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले; ते पाहण्यास प्रेक्षक होते अवघे २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने तेव्हाच्या ट्विटरवर एक चित्रफीत प्रसृत केली. तीत त्याने कौतुक मागितलेच नाही. इंटरनेटवर शिव्या देण्यात मजा नाही, मैदानावर या आणि तोंडावर द्या, असे त्याचे आर्जव होते. विराट कोहली, सचिन तेंडुलकर यांनीही ते उचलून धरले. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. भर पावसात भारत ३-० असा जिंकला, त्यातले दोन गोल त्याचेच. घरबसल्या शेरेबाजीची चटक लावणाऱ्या माध्यमानेच चाहत्याला पावसात आणून बसवले! त्या सायंकाळी तोंडावर शिव्या मात्र कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.