कोऱ्या रेषेची साक्ष: द्रव क्रोमॅटोग्राफी आणि गोंगाटाचा इतिहास

१/ औषधात नको असलेली अशुद्धी आहे की नाही, याचा निर्णय अनेकदा आलेखावरील एका लहानशा उंचवट्यावर अवलंबून असतो. तोच नमुना पुन्हा मोजला, तर तेच उत्तर येईल काय? या प्रश्नाचा इतिहास म्हणजे हा थ्रेड.

२/ या तंत्राचा उगम वनस्पतिशास्त्रात आहे. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत वेगळी केली आणि १९०६ मध्ये पद्धतीस ‘क्रोमॅटोग्राफी’ हे नाव दिले. मार्टिन आणि सिंज यांच्या १९४१ च्या संशोधनास १९५२ चे नोबेल मिळाले. १९६० च्या दशकात उच्च दाबाचे पंप आले. रंगीत पट्ट्यांची जागा आता शोधकयंत्राने काढलेल्या रेषेने घेतली.

३/ ही रेषा कधीच पूर्ण सरळ नसते. एकही घटक बाहेर पडत नसताना ती थरथरत राहते. दिव्याचा प्रकाश किंचित बदलतो, पंप स्पंदतो, विद्युतमंडलात चढउतार होतात. हाच आधाररेषेचा गोंगाट.

४/ मोजमापाची पुनरावृत्तिक्षमता तपासण्याचा रूढ मार्ग सोपा: एकच नमुना सहा वेळा सोडावा आणि प्रमाण विचलन काढावे. परंतु थोड्या निरीक्षणांचा भरवसा किती, हा प्रश्न डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्माणशाळेतील विल्यम गॉसेट याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्येच हाताळला होता. सहा मोजमापांतून विचलन १ टक्का आले, तरी ९५ टक्के विश्वासपातळीवर खरे विचलन ०.६ ते २.५ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते.

५/ जपानमधील युझुरु हायाशी आणि रिएको मात्सुदा यांनी १९९४ मध्ये वेगळी वाट दाखवली. वारंवार मोजण्याऐवजी एकाच आलेखातील उंचवटा आणि गोंगाट यांवरून विचलनाचे भाकीत करता येते, असे त्यांनी मांडले.

६/ त्यामागील युक्ती अशी. उंचवट्याचे क्षेत्रफळ म्हणजे अनेक बिंदूंची बेरीज. गोंगाट पूर्णतः यादृच्छिक असेल, तर बेरजेत तो बराचसा परस्परांना छेदतो. पण मंद चढउतारांत एक बिंदू वर गेला की शेजारचेही वर जातात. तेव्हा चूक साचत जाते. म्हणून त्यांनी गोंगाटाचे हे दोन घटक फुरिए विश्लेषणाने वेगळे ओळखले आणि प्रत्येकाचा क्षेत्रफळावरील परिणाम गणिताने काढला.

७/ या पद्धतीला मर्यादाही आहेत. नमुना तयार करतानाची चूक आधाररेषेत दिसत नाही. नमुना सोडतानाच्या आकारमानातील फरक स्वतंत्रपणे मिळवावा लागतो. मात्र अत्यल्प प्रमाणात, जेथे गोंगाटच वरचढ ठरतो, तेथे हे भाकीत विशेष उपयोगी पडते.

८/ २०१२ मध्ये आयएसओ ११८४३ या मानकाच्या सातव्या भागात गोंगाटाच्या यादृच्छिक गुणधर्मांवर आधारलेल्या पद्धतीस स्थान मिळाले. उंचवट्यांच्या मधली जी जागा निरर्थक मानून सोडून दिली जात असे, तीच मोजमापाच्या विश्वासार्हतेची साक्षीदार ठरली.