सारखे चेहरे, चोरलेली ओळख आणि वेडेपणाचा शिक्का

हुबेहूब जुळ्यांच्या कथांत ओळखीचा घोटाळा आणि वेडेपणाचा आरोप फार पूर्वीपासून जोडीने येतात. रोमन नाटककार प्लॉटसच्या ‘मिनेक्मी’त जुळ्यांपैकी एकाला वेडा समजून वैद्य आणला जातो. त्याच्याच आधारे शेक्सपिअरने लिहिलेल्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’मध्ये शहाण्यासुरत्या अँटिफोलसला बांधून अंधाऱ्या खोलीत डांबतात. गुलजार यांच्या ‘अंगूर’चे (१९८२) मूळ हेच नाटक. प्रेक्षक निर्धास्त हसतो, कारण दोघे शेजारी उभे राहिले की गुंता सुटणार हे त्याला ठाऊक असते.

पण दोघांपैकी एक मेला तर? विल्की कॉलिन्सची ‘द वुमन इन व्हाइट’ (१८५९-६०) या शक्यतेवर उभी आहे. लॉरा फेअरली आणि अ‍ॅन कॅथरिक जुळ्या नाहीत. त्यांचा पिता मात्र एकच, आणि हे दोघींनाही माहीत नाही. लॉराच्या वीस हजार पौंडांसाठी तिचा पती सर पर्सिव्हल ग्लाइड आणि काउंट फॉस्को आजारी अ‍ॅनचा मृत्यू लॉराच्या नावावर नोंदवतात. लॉराला गुंगीचे औषध देऊन, अ‍ॅन जिथून पळाली होती त्याच वेड्यांच्या इस्पितळात पाठवले जाते.

त्या काळी इंग्लंडमध्ये खासगी रुग्णाला दाखल करण्यास दोन डॉक्टरांची प्रमाणपत्रे लागत. दोन अनोळखी गृहस्थ लॉराला चमत्कारिक प्रश्न विचारून जातात, एवढेच तिला आठवते. इस्पितळात परिचारिका तिच्या कपड्यांवरचे अ‍ॅनचे नाव दाखवते. ‘मी लॉरा’ हे सांगणेच तिथे आजाराचे लक्षण ठरते. आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’मधील लखोबा स्वतःची ओळख नाकारून न्यायालयाला झुलवतो, लॉराचे दुर्दैव नेमके उलट. सुटकेनंतर सख्खा काकाही तिला ओळखत नाही. तोवर तिची स्मृती खरोखरच ढासळलेली असते, म्हणजे खोट्या निदानाने खरा आजार दिलेला असतो. अखेर साक्ष देतात तारखा: मृत्यूची नोंद २५ जुलैची, तर लॉराने लंडनचा प्रवास केला २६ जुलैला.

सारा वॉटर्सच्या ‘फिंगरस्मिथ’मध्ये (२००२) हाच डाव अधिक निर्दयपणे उलटतो. कॉलिन्सच्या कादंबरीत मात्र सर्वाधिक अन्याय अ‍ॅनवर होतो. पर्सिव्हलचे गुपित तिला कळले आहे, या निव्वळ संशयावरून तिला कोंडले होते. प्रत्यक्षात ते तिला ठाऊकच नव्हते. तिच्या थडग्यावरचे लॉराचे नाव शेवटी गावकऱ्यांसमक्ष पुसले जाते आणि तिथे अ‍ॅनचे कोरले जाते.