वार आणि बारी

माझ्या कपाटात दोन प्रमाणपत्रे आहेत. बी.ए.च्या प्रमाणपत्रावर ‘पुणे विद्यापीठ’ असे छापले आहे आणि बी.एड.च्या प्रमाणपत्रावर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’. मधल्या काळात, 2014 साली, विद्यापीठाचे नाव बदलले. दरवर्षी दहावीच्या वर्गाला मी ही दोन्ही प्रमाणपत्रे नेऊन दाखवते. सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रात फातिमा हे नाव येते तेही सांगते. मुली प्रमाणपत्र हातात घेतात, शिक्क्यावरून बोट फिरवतात. मग कुणीतरी विचारतेच, “टीचर, पुने में आप रहते कहाँ थे?”

मला किती टक्के पडले, फी किती होती, इंग्रजी कसे जमले, हे त्यानंतर. पहिला प्रश्न राहण्याचाच असतो. विद्यापीठातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या हा विषय निघाला की आपल्याकडे माध्यम, दारिद्र्य, मागासलेपण, मौलवींचा विरोध अशी कारणे सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण मुलींचा हा साधा प्रश्न त्या यादीत कुठेच सापडत नाही. या लेखात तोच धरून थोडे मागे जायचे आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झाले. पुण्याची महाविद्यालयेही त्यालाच जोडलेली होती. 1862 साली पहिले चार पदवीधर बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण भांडारकर होते. 1868 साली रहिमतुल्ला सयानी एम.ए. झाले. मुंबई विद्यापीठाचे ते पहिले मुस्लिम एम.ए. पुढे 1896 च्या कलकत्ता काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. पण एक सयानी म्हणजे समाज नव्हे. 1881-82 ची आकडेवारी पाहिली तर मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी शिक्षणाच्या महाविद्यालयांत एकूण 475 विद्यार्थी होते आणि त्यांत मुस्लिम होते सात. त्या वेळच्या इलाख्यात सिंध होता, गुजरात होता, कोकण होता, दख्खन होता. एवढ्या मुलखातून सात! शाळेत पटावर घेतलेल्या मुलांची हजेरी मी रोज घेते. सात नावे वाचायला अर्धे मिनिटही लागत नाही.

1882 साली हंटर आयोगापुढे बद्रुद्दीन तय्यबजींनी मुस्लिमांच्या शिक्षणाची बाजू मांडली. त्याच वर्षी त्याच आयोगाला जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही जोतीरावांची तक्रार होती. दोघांची भाषा वेगळी, पण बोट एकाच रिकाम्या बाकाकडे होते.

आता पुण्याकडे येऊ. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्याच दक्षिणा निधीतून 1821 साली संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे तिच्यातूनच डेक्कन कॉलेज उभे राहिले. म्हणजे शिकणाऱ्याच्या पोटाची सोय पुण्यात विद्यापीठाच्याही आधीपासून होती. कोकणातून, देशावरून गरीब ब्राह्मणाचा मुलगा पुण्यात यायचा, कुणाच्या वाड्याच्या ओसरीवर पथारी टाकायचा आणि वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांना सात घरे. कुणी माधुकरी मागायचा. कितीतरी पदव्या या वारांवर पोसल्या गेल्या. 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेच आजचे पुणे विद्यार्थी गृह. मला या पद्धतीविषयी आकस नाही, उलट कौतुकच आहे. रोज वेगळ्या दारात उभे राहून जेवणे हे सोपे काम नाही, आणि लेकुरवाळ्या बाईने परक्याच्या मुलासाठी आठवड्यातला एक दिवस चार पोळ्या जास्त लाटणे हेही सोपे नाही. एवढेच की त्या सात दारांत शिरूर तालुक्यातल्या मुलाण्याचा, तांबोळ्याचा किंवा महाराचा मुलगा उभा राहू शकत नव्हता. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या नियमांत धर्म किंवा जात लिहिलेली नसेलही. ती जेवणाच्या पंगतीत लिहिलेली होती.

इथपर्यंत बोलणे आपल्याला बरे वाटते, कारण दोष दुसऱ्याचा निघतो. पण आपल्याकडेही वार होताच की! आपण त्याला बारी म्हणतो. मस्जिदीतल्या पेशइमामाचे जेवण मोहल्ल्यातून बारीबारीने जाते. आज आमची बारी, उद्या शेजाऱ्यांची. मदरशात दूर गावाहून आलेल्या मुलांनाही मोहल्ल्याने असेच जेवू घातले आहे. माझी आजी बारीच्या दिवशी कालवणात मसाला जरा चांगला वाटायची. मुसाफिर आणि तालिबे-इल्म यांना खाऊ घालणे सवाबाचे आहे हे तिला कुणी शिकवावे लागले नव्हते. असे असताना हीच बारी कॉलेजात शिकणाऱ्या मुलापर्यंत का पोचली नाही? जो कुराण पाठ करतो तो तालिबे-इल्म आणि जो भौतिकशास्त्र शिकतो तो मात्र ‘शिकून मोठा होणारा, स्वतःचे बघणारा’, अशी विभागणी आपण कधी केली? वाराच्या जेवणाने एका समाजात वकील, मास्तर आणि कारकून उभे केले. आपल्या बारीने हाफिज उभे केले, आणि त्यांचा मला आदर आहे. पण ते जेवण विद्यापीठापर्यंत गेले नाही. यात इंग्रजांचा दोष काढता येणार नाही, पेशव्यांचाही नाही.

हे कोडे ज्यांना नेमके कळले असा एक राजा आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग काढले आणि मग एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली. 1906 साली मुस्लिम बोर्डिंग निघाले. त्या संस्थेचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे ठेवले, जागा दिली, उत्पन्न दिले. ‘शिका’ असा उपदेश त्यांच्याआधी पुष्कळांनी केला होता. महाराजांनी आधी छप्पर आणि भाकरी दिली. त्यांच्या बोर्डिंगात वाढलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसवली. 1927 साली गांधीजी ते पाहून गेले. दक्षिण महाराष्ट्रातल्या जुन्या शिकलेल्या मुस्लिम घरांत चौकशी केली तर आजोबा-पणजोबांच्या हकिगतीत कुठे ना कुठे एखादे बोर्डिंग निघतेच, असा माझा अनुभव आहे. मुंबईत सर मोहम्मद युसुफ यांनी 1914 साली आठ लाख रुपये दिले आणि त्यातून 1930 साली जोगेश्वरीचे इस्माईल युसुफ कॉलेज उभे राहिले. पुणे जिल्ह्याच्या पूर्व पट्ट्याला मात्र ना असा राजा मिळाला, ना असा शेठ.

पुणे विद्यापीठ सुरू झाले 1949 साली, गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यात. डॉ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. पहिल्या वर्षी 18 महाविद्यालये आणि आठ हजारांवर विद्यार्थी. कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे. पुढे 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, 1990 साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि पुण्याकडे पुणे, अहमदनगर, नाशिक हे तीन जिल्हे राहिले. मुलूख कमी झाला, विद्यार्थी मात्र लाखांत गेले. 1970 साली अंजुमन खैरुल इस्लामने कॅम्पात पूना कॉलेज काढले. आझम कॅम्पस वाढत गेला. 1990 साली डॉ. यू. म. पठाण पुण्यातच अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. विद्यापीठात मराठी शिकवणारा मुस्लिम प्राध्यापक त्या खुर्चीवर बसला, याचे अप्रूप आमच्या अब्बांना शेवटपर्यंत होते.

तरीही आकडे हट्टी असतात. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी होते. देशाची सरासरी सात टक्क्यांच्या आसपास होती. नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम, पदव्युत्तरला पन्नासात एक. 2021-22 च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थी 21 लाखांवर गेले, पण एकूण विद्यार्थ्यांत त्यांचा वाटा पाच टक्क्यांच्या आतच राहिला. 2011 च्या जनगणनेत देशातले मुस्लिम 14.2 टक्के होते. आणि गंमत पाहा, 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुस्लिमांची साक्षरता 78.1 टक्के होती, राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त! म्हणजे आपली मुले शाळेत येतात, लिहायला-वाचायला शिकतात आणि मग पुढच्या वाटेवर कुठेतरी गळतात.

पुण्याच्या विद्यापीठात विविधता दाखवायची झाली तर इराणी, येमेनी, इराकी, अफगाण विद्यार्थी दिसतात. शहराने त्यांना अनेक वर्षे सामावून घेतले आहे. मी बी.ए.ला असताना माझ्या मैत्रिणीला एका येमेनी मुलीने ‘तू कुठली?’ असे विचारले. मैत्रीण म्हणाली, ‘पाबळकडची.’ त्या मुलीला वाटले हा एखादा देश असावा. आम्ही हसलो. पण सनाहून गणेशखिंडीत पोचलेल्यांचा गट होता आणि पाबळकडच्या आम्ही दोघीच होतो, हे नंतर लक्षात आले.

पाबळ आणि आमचे केंदूर शेजारी. केंदूर हे संत कान्हूराज पाठकांचे गाव. बाजीरावांनी मस्तानीला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे इनाम दिली होती, म्हणून इतिहासाच्या पुस्तकात आमचा उल्लेख सापडतो. मस्तानीची कबर पाबळलाच आहे. ती पाहायला पुण्याहून मोटारी येतात. पुण्याहून अंतर पन्नासेक किलोमीटर, पाण्याची कायम ओढ. पाबळलाच 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी विज्ञान आश्रम काढला आणि शाळेत न रमणाऱ्या मुलांना हाताने काम करत शिकवले. तिथे राहून शिकायची सोय आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रांजणगाव, सणसवाडी, चाकणच्या कंपन्या आल्यावर बारावी झालेला मुलगा कंत्राटावर लागतो. कंपनीची बस गावाजवळून उचलते. कॉलेजची बस उचलत नाही. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, पण तो बारावीपर्यंत. जिथे विद्यापीठ सुरू होते तिथेच पास संपतो.

माझे म्हणाल तर मला खाला होती. चौथीपर्यंत मी गावच्या मराठी शाळेत शिकले. पाचवीला अम्मीची बहीण मला कोंढव्याला घेऊन गेली आणि उर्दू शाळेत घातले. दीड खोलीचे घर, खालू रिक्षा चालवायचे, त्यांची तीन मुले आणि चौथी मी. रात्री मी स्वयंपाकघरात ओट्याखाली पाय करून झोपायची. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी खालाचा थोरला परत आला, जागा पुरेना, म्हणून खोली शोधायला निघालो. एका घरमालकिणीने खोली दाखवली, भाडे ठरवले आणि नाव विचारल्यावर ‘यजमानांना विचारून सांगते’ म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी आपल्याच समाजातल्या एका बुजुर्गांनी ‘एकटी मुलगी ठेवत नाही’ असे सांगितले. खालाने ऐकून घेतले आणि म्हणाली, “छोड़ो. पलंग खड़ा कर देंगे दिन में, जगह हो जाती.” इतक्या वर्षांत माझ्या जेवणाचा हिशेब तिने कधी केला नाही. तिने माझी बारी रोज सांभाळली.

2014 च्या जुलैत राज्य सरकारने अध्यादेश काढून मुस्लिमांना पाच टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकरीतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले चालू ठेवले. पुढे अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपला. 2009 साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप 2022 च्या डिसेंबरात बंद झाली. अल्पसंख्याक विकास विभागाने मुलींसाठी काही वसतिगृहे बांधली ही चांगली गोष्ट आहे. मोर्चे आरक्षणासाठी निघाले, निघायलाही हवेत. पण वसतिगृहासाठी निघालेला मोर्चा माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे शादीखाने झाले, सांगायला आनंद वाटतो. त्यांतले बरेचसे वर्षातले निम्मे दिवस कुलूपबंद असतात.

गेल्या जूनमध्ये गावाहून एका चुलत्यांचा फोन आला. नात बारावीला तालुक्यात चांगल्या गुणांनी पास झाली होती, तिला बी.एस्सी. करायचे होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, “खालाची ती खोली अजून आहे का गं?” खाला आता नाही. खोलीत तिची सून शिवणयंत्र चालवते. मी तिला फोन केला. यंत्र सुरूच होते. तिने ते थांबवले, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “भेज दो. मशीन खिड़की के पास सरका लेती.”